आजची तारीख

कंपनीनं तीनदा कळवलं होतं:
एकतीस ऑक्टोबरला ही मेल बंद,
आपापलं सामान आपण हलवावं.
हेल्वेनं पहिली दोन पत्रं जाहिरात समजून
केराच्या टोपलीत टाकली.
तिसरं वाचलं, कारण त्या दिवशी वाऱ्यामुळे
सारेमा बेटावरून फेरीबोट सुटली नव्हती
आणि मेंढ्या आत घेऊन झाल्या होत्या.

मग आला आयवर. सायकली, करवती, कॉम्प्युटर,
याच क्रमानं दुरुस्त करणारा.
दाराशी बूट काढले. मोज्याला भोक.
"पासवर्ड?"
तिनं पिठाच्या डब्याचं झाकण उलटं धरलं.
आतून लिहिलेलं: एका लाडक्या मेंढीचं नाव
आणि ती गेली ते साल.

"प्रत करू की हलवू?"
"फरक काय?"
"प्रत केली तर तिकडेही राहतं.
हलवलं तर तिकडे काही उरत नाही."
हेल्वे गप्प.
एकोणपन्नासच्या मार्चमध्ये हलवलं होतं त्यांना,
तासाभरात, पूर्वेकडे, मालगाडीतून.
आईनं शिवणयंत्राचं नुसतं डोकं उचललं होतं.
तेव्हा असं कुणी विचारलं नव्हतं.
"प्रत कर," ती म्हणाली.

अकरा हजार चारशे ब्याऐंशी.
हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली.
मधमाश्यांच्या औषधांची बिलं आली,
वीज मंडळ आलं, दंतवैद्य आला,
लॉटरी लागल्याचं कळवणारा कुणी राजपुत्रही
फुकटात बिऱ्हाडाबरोबर निघाला.
फोटो मागून, वरातीमागून घोडे.
सात हजारांच्या पुढे कुठेतरी अडलं,
माशाचा काटा घशात अडकावा तसं:
टोरांटोतल्या बाल्कनीतल्या बर्फाचे
अडतीस फोटो, एकाच पत्रात.
"माइमू," हेल्वे म्हणाली, "तिला आवरणं माहीतच नाही."

माइमू, मावसबहीण. चव्वेचाळीस साली
सहा वर्षांची, होडीत घातलेली,
स्वीडनला, तिथून कॅनडाला.
परत आली नाही. पत्रं आली.

आयवर ओशाळला. "एक अक्षर फुटलंय, हेल्वे.
डोक्यावर लाट घेतलेला ओ.
जिथे तिथे प्रश्नचिन्ह झालंय त्याचं."
ती खो खो हसली.
या बेटावर ते अक्षर कुणाच्या तोंडात बसतच नाही,
मुख्य भूमीवरचे हसतात त्यावरून,
आपल्याकडे ळ चा ल करणाऱ्याला हसावं तसे.
"मशीन इथलंच निघालं की रे!"
पण माइमू ते शिकली होती,
परदेशात, शनिवारच्या शाळेत,
आणि जपून, एकदाही न चुकता लिहायची.
त्यांच्या भाषेत बहीण हा शब्द
त्याच अक्षरानं सुरू होतो.
आता प्रत्येक पत्राच्या माथ्यावर
बहिणीआधी एक प्रश्नचिन्ह.
हसू तिथवर आलं आणि थांबलं.

"आणि तारखा," आयवर म्हणाला.
"सगळ्यांवर आजची पडलीय.
पोचल्याची वेळ धरलीय त्यानं, लिहिल्याची नाही.
एक रकाना बदलला की झालं."
पडद्यावर ओळीनं:
माइमू, आज, दोन वाजून सात.
माइमू, आज, दोन वाजून सात.
माइमू, आज, दोन वाजून आठ.
सात वर्षं झाली तिला पुरून.

"संध्याकाळपर्यंत राहू दे," हेल्वे म्हणाली.
"अक्षर?"
"ते कर नीट. तारखा राहू देत."

आयवरनं मधाची बरणी घेतली, पैसे नाही.
जाताना दारातून त्यानं पाहिलं:
चष्मा कपाळावर, नाक पडद्याला टेकलेलं,
ती एकच पत्र वाचत होती.
समुद्र गोठला का गं यंदा?
बर्फावरून गाड्या जायला लागल्या?

"छे," हेल्वे मोठ्यानं म्हणाली,
"ऑक्टोबर आहे अजून."